घाटमाथ्यावरची बुरशी आणि राहुरीची नोंदवही

1971च्या खरिपात बाजरीवर गोसावी रोग पडला. रोग जुनाच होता. पण सहा वर्षांपूर्वी, 1965 साली, लुधियानाहून आलेल्या पहिल्या संकरित बाजरीने आणि तिच्या मागोमाग आलेल्या वाणांनी देशभरात एकाच रक्ताची लाखो एकर बाजरी उभी केली होती. या सगळ्या वाणांची मादी अमेरिकेतल्या जॉर्जियाहून आणलेली एकच होती, आणि बुरशीला नेमके असेच रान हवे असते. कणसात दाण्यांच्या जागी हिरव्या पानांचे झुबके आले, आणि ज्या हायब्रीडने उत्पादनाचे उच्चांक मोडले होते त्यावरून शेतकऱ्याचा विश्वास एका हंगामात उडाला. अहमदनगर, म्हणजे आजचा अहिल्यानगर जिल्हा, हा बाजरीचा मुलूख. त्यातच दुष्काळाची वर्षे सुरू झाली होती.

त्याच 1971 साली, त्याच जिल्ह्यातल्या राहुरीच्या कृषी विद्यापीठाने एक पुस्तक काढले, ‘फंगाय ऑफ महाराष्ट्र’. विद्यापीठ नवे होते, 1968 साली स्थापन झालेले, आणि हे त्याचे बुलेटिन क्रमांक एक. लेखक चार: एम. एन. कामत, पी. जी. पटवर्धन, व्ही. जी. राव आणि ए. व्ही. साठे. चौघेही पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत काम करणारे. महाराष्ट्रात तोवर सापडलेल्या बुरशींची ही यादी होती. कोणती बुरशी, कोणत्या झाडावर, कोणत्या गावी, आधी कोणी नोंदवली. वाचायला बसावे असे यात काही नाही असे वरवर पाहणाऱ्याला वाटेल. मला मात्र ही यादी एका शतकाच्या पायपिटीचा जमाखर्च वाटते, आणि तो मांडावा म्हणून हा लेख.

सुरुवात लंडनपासून करावी लागते. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात एखाद्या साहेबाला पानावर नारिंगी पुरळ दिसले, तर तो पान कागदात दाबून बोटीने विलायतेला पाठवी. तिथे मॉर्डेकाय क्युबिट कुक नावाचा एक झपाटलेला अभ्यासक होता. शिक्षण बेताचे, पण बुरशीचा ध्यास असा की 1872 साली त्याने ‘ग्रेव्हिलिया’ हे नियतकालिकच सुरू केले. तो ब्रिटिश सरकारच्या इंडिया म्युझियममध्ये नोकरीला होता, त्यामुळे हिंदुस्थानातून येणारी पाकिटे त्याच्या टेबलावर पडत. मुंबई इलाख्यातून हॉबसन नावाच्या संग्राहकाने पाठवलेल्या नमुन्यांवर कुक आणि त्याच्या बरोबरीच्यांनी नावे ठेवली. करंजाच्या पानावरचा तांबेरा ‘रॅव्हेनेलिया हॉबसोनी’ झाला, जाई-जुईच्या कोवळ्या फांद्या वेड्यावाकड्या फुगवणारा तांबेरा ‘युरोमायसिस हॉबसोनी’ झाला. ही नावे आजही तशीच चालतात. करंज आणि जुई आपल्या परसातल्या, पण त्यांच्यावरच्या रोगाची कुंडली मांडली गेली थेम्सच्या काठी.

मग आला एडविन जॉन बटलर. आयर्लंडचा हा तरुण डॉक्टर 1901 साली हिंदुस्थान सरकारचा बुरशीतज्ज्ञ म्हणून कलकत्त्यात रुजू झाला आणि 1905 नंतर बिहारमधल्या पुसा इथल्या शेती संशोधन संस्थेत बसला. बटलरपासून कामाची तऱ्हाच बदलली. त्याने आपल्या देशी सहायकांना प्रांतोप्रांती पाठवले, नमुने एका जागी जमवले, क्रमांक दिले, कपाटे भरली. तरीही नावाचा शेवटचा शब्द बरेचदा बर्लिनचाच असे. तिथल्या बुरशीतज्ज्ञ सिडो यांच्याबरोबर बटलरने 1906 ते 1916 या दहा वर्षांत हिंदुस्थानी बुरशींवर लेखमाला लिहिली. ती जर्मनीत छापली गेली. 1918 साली बटलरचे वनस्पतिरोगांवरचे मोठे पुस्तक आले, आणि 1931 साली बिस्बी यांच्यासह ‘द फंगाय ऑफ इंडिया’, ज्यात दोन हजारांहून अधिक जातींची नोंद होती. पुढे 1934च्या भूकंपाने पुसाची इमारत मोडली, संस्था 1936 साली दिल्लीला हलली, आणि तो संग्रह आज तिथेच आहे.

बटलरने 1907 साली बाजरीच्या गोसावी रोगावर लिहिले होते. 1913 साली पुण्याच्या जी. एस. कुलकर्णी यांनी बाजरी आणि ज्वारी या दोन्ही पिकांवरच्या त्या रोगाचे निरीक्षण प्रसिद्ध केले. त्यात पहाटेच्या दमट वेळी पानाच्या पाठीवर धरणारी पांढरी लव आणि तिचे अल्पायुषी बीजाणू यांचे वर्णन आहे. हे बीजाणू ऊन वर येण्याआधी पाहावे लागतात, नंतर ते सुकून जातात. म्हणजे कुलकर्णी अंधारात उठून शेतात जात असणार. 1971 साली ज्यांनी बाजरीची शेते वाळताना पाहिली त्यांच्यापैकी किती जणांना ठाऊक होते, की या शत्रूचा चेहरामोहरा अठ्ठावन्न वर्षांपूर्वी इथल्याच एका माणसाने टिपून ठेवला होता! (आता तर शास्त्रज्ञ गोसावी अर्थात केवडा रोगाच्या या कुळाला खऱ्या बुरशीतही धरत नाहीत, वेगळ्याच शाखेत टाकतात. कुलकर्ण्यांच्या वर्णनाला त्याने काही बाधा येत नाही.)

कुलकर्ण्यांच्याच काळातले श्री. ल. आजरेकर. 1916 साली त्यांनी उसाच्या काणीवर लिहिले. शेंड्यातून चाबकासारखा काळा फटका निघतो, तो रोग. बेण्यातून तो कसा पसरतो आणि कसा रोखावा हे त्यांनी मांडले. नंतर 1926 साली ज्वारीच्या चिकट्यावर. प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा राहायला अजून पाव शतक होते, पण तिथल्या उसाला ज्या रोगाची धास्ती पुढे कायम राहिली, त्याचा अभ्यास आधीच झाला होता. आजरेकरांच्या पिढीने नमुना ओळखण्याचे काम इथे करून दाखवले. त्यांच्यानंतर पुण्यात सरकारी वनस्पतिरोगतज्ज्ञ म्हणून बी. एन. उप्पल आले. ज्वारीच्या दाणे काणीवर बियाण्याला गंधक चोळण्याचा साधा, स्वस्त उपाय त्यांच्या प्रयोगांनी पक्का केला. उप्पल, एम. के. पटेल आणि तरुण कामत या तिघांनी 1935 साली ‘फंगाय ऑफ बॉम्बे’ ही इलाख्याची यादी काढली. राहुरीच्या बुलेटिनची ही आई. दोन्हींत कामतांचे नाव आहे आणि मध्ये छत्तीस वर्षे गेली आहेत.

आता डोंगराकडे वळतो, कारण या यादीतली निम्मी गोष्ट डोंगराची आहे.

शेतातल्या रोगाचा माग काढताना माणसाला डोंगर चढावा लागतो, हे आग्र्याच्या करमचंद मेहतांनी दाखवले. प्रश्न गव्हाच्या तांबेऱ्याचा होता. आपल्याकडे गहू फाल्गुनात निघतो आणि पुढची पेरणी कार्तिकात. मधला वैशाखवणवा असा, की मैदानात तांबेऱ्याचा एकही बीजाणू जगू नये. मग दरवर्षी तो येतो कुठून? युरोपात हा तांबेरा बार्बेरी नावाच्या झुडपावरून पुन्हा गव्हावर येतो असे सिद्ध झाले होते, म्हणून इथेही सगळ्यांची नजर हिमालयातल्या त्या झुडपावर होती. मेहतांनी वर्षानुवर्षे टेकड्या पालथ्या घातल्या, व्हॅसलीन लावलेल्या काचपट्ट्या हवेत धरून उडते बीजाणू पकडले, आणि बार्बेरीचा इथे काही संबंध नाही असा निर्वाळा दिला. तांबेरा थंड डोंगरांतल्या गव्हावर तग धरतो आणि वाऱ्यावर बसून मैदानात उतरतो. दक्षिणेत हे माहेर नीलगिरी आणि पळणीच्या डोंगरांत आहे. त्यांचे प्रबंध 1940 आणि 1952 साली छापले गेले. दुसरा छापून येण्याआधीच, 1950 साली, ते गेले होते. नंतरच्या संशोधकांनी दाखवले, की बंगालच्या उपसागरातली वादळे या बीजाणूंना दख्खनवर आणून टाकतात. नगर-नाशिकच्या गव्हावर डिसेंबरात जे तांबडे ठिपके दिसतात त्यांचा प्रवास शेकडो कोसांचा असतो. महाबळेश्वरला गव्हाच्या तांबेऱ्याचे संशोधन केंद्र आहे ते याच विचारातून. तिथल्या गार, ओल्या हवेत रोग मुद्दाम वाढवून वाण पारखता येतात. आज ते राहुरीच्या विद्यापीठाकडे आहे.

खुद्द नगर जिल्ह्याला डोंगर कमी नाहीत. पूर्वेला पाथर्डी-जामखेडची कोरडी माळराने, जिथे वर्षाकाठी पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस म्हणजे नशीब. आणि पश्चिमेला अकोले तालुका, जिथे कळसूबाई 1646 मीटरवर उभी आहे आणि हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा ढगांना अडवतो. घाटघरला तर नगरची चेरापुंजी म्हणतात. भंडारदऱ्याचे धरण 1926 साली पुरे झाले ते याच पावसाच्या भरवशावर. बुरशीच्या दृष्टीने एका जिल्ह्यात हे दोन देश आहेत. पूर्वेची बुरशी पिकावरची, शेतकऱ्याने पिढ्यान् पिढ्या ओळखलेली: काणी, तांबेरा, भुरी, केवडा. पश्चिमेची बुरशी रानातली. अंजनी, हिरडा, पारजांभूळ यांच्या जाड पानांवर ती राहते आणि कोणाचेच काही बिघडवत नाही, म्हणून तिला फारसे कोणी पाहतही नाही.

त्या रानातल्या पानांवर काजळीसारखे गोल काळे डाग दिसतात. पुष्कळांना ती धूळ वाटते. त्या डागांत मेलिओला नावाचे मोठे बुरशीकुल आहे, आणि सह्याद्रीच्या ओल्या जंगलात त्याची रेलचेल आहे. हा नमुना घेण्याची पद्धत पाहण्यासारखी आहे. आधी डाग असलेली पाने तोडायची, पण झाड ओळखू येईल अशी फुलाफळाची डहाळीही बरोबर घ्यायची. झाड चुकले तर बुरशीचे नाव हमखास चुकते, कारण यातल्या बहुतेक जाती आपले झाड सोडून दुसऱ्यावर जात नाहीत. पाने जुन्या वर्तमानपत्रात दाबून रोज कागद बदलायचा. आषाढात घाटमाथ्यावर कागदच सुकत नाही, तेव्हा चुलीच्या उबेला ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. प्रयोगशाळेत आल्यावर त्या काळ्या डागावर नेलपॉलिशचा पातळ थेंब पसरायचा, वाळू द्यायचा आणि पापुद्रा अलगद उचलायचा. अख्खी वसाहत, धाग्यांसकट, उभ्या केसांसकट, त्या पापुद्र्यात अडकून वर येते. तो काचपट्टीवर ठेवला की सूक्ष्मदर्शकाखाली सगळी मांडणी जशीच्या तशी दिसते: तपकिरी धागे, त्यांच्या बाजूने फुटलेल्या दोन पेशींच्या टोप्या, मधोमध काळे गोलक, त्यात चार-चार पडद्यांचे बीजाणू. मग मोजमाप. या कुळातल्या जाती इतक्या आहेत, की बीली नावाच्या शास्त्रज्ञाने 1920 साली त्यांच्यासाठी आठ आकड्यांचे सूत्रच बसवले. टिंबाआधीचे चार आकडे घडणीचे, नंतरचे चार मापांचे. दुनियेतला कोणताही अभ्यासक तो आकडा वाचून समजतो, की ही बुरशी कशी दिसत असेल.

शेवटी पाकीट. जाड कागदाची घडी, आत पान, वर चिठ्ठी: झाडाचे नाव, गाव, तारीख, कोणी गोळा केले, कोणी ओळखले, संग्रहाचा क्रमांक. वाघाचे कातडे किंवा फुलपाखराची पेटी पाहायला माणसे जमतात. या पाकिटांच्या कपाटापुढे कोणी थांबत नाही. पण अळंबीची छत्री तीन दिवसांत वितळते, डाग पानाबरोबर गळून मातीत जातो. त्या दिवशी तिथे काय होते याचा पुरावा म्हणून जगात एवढी एकच चिठ्ठी उरते. चिठ्ठी कोरी किंवा अर्धवट असेल, तर आत कितीही दुर्मीळ चीज असो, ती गवताच्या काडीइतक्याच मोलाची.

ही पाकिटे जपायला घर मिळाले ते 1946 साली, एका वनस्पतिशास्त्रज्ञामुळे. शंकर पुरुषोत्तम आघारकर मालवणचे. तरुणपणी सह्याद्रीत भटकताना साताऱ्याकडच्या नदीत त्यांना गोड्या पाण्यातला जेलीफिश सापडला होता. त्याची भावंडे आफ्रिकेतच असतात असे तोवर मानले जाई, त्यामुळे त्या शोधाने प्राणिशास्त्रज्ञ चकित झाले. पुढे ते कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. पहिल्या महायुद्धाच्या वेळी जर्मनीत असल्याने शत्रुप्रजा म्हणून स्थानबद्धही झाले. निवृत्तीनंतर विश्रांती घ्यायच्या वयात त्यांनी पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी केली आणि 1960 साली मृत्यू येईपर्यंत ती चालवली. 1992 पासून ती आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. तिथल्या बुरशी विभागाची धुरा सरकारी सेवेनंतर कामतांनी घेतली. त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी जमवलेल्या संग्रहाला ‘आजरेकर कवकसंग्रहालय’ असे नाव आहे, आणि जगभरच्या शोधनिबंधांत त्याची तीन अक्षरे, ए.एम.एच., नमुन्याच्या क्रमांकाआधी छापली जातात. 1964 साली कामत आणि त्यांचे सहकारी कालाणी यांनी एका नव्या बुरशीच्या प्रजातीला ‘आजरेकरेला’ असे नाव दिले. हॉबसनच्या नावाने करंजाचा तांबेरा ओळखला जाऊ लागला त्याला तेव्हा पाऊणशेहून अधिक वर्षे झाली होती. एवढ्या काळाने का होईना, पुण्यात ओळखलेल्या बुरशीवर पुण्याच्याच माणसाचे नाव कोरले गेले, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

कामतांच्या मंडळींनी साठीच्या दशकात डोंगर पिंजून काढले. त्या काळच्या नोंदींत महाबळेश्वर, खंडाळा, लोणावळा, पन्हाळा ही गावे पुन्हा पुन्हा भेटतात. याचे कारण बुरशी तिथेच जास्त होती असे नाही. मोटार तिथपर्यंत जात होती, उतरायला जागा होती, आणि संध्याकाळी पाने दाबायला कोरडी खोली मिळत होती. हरिश्चंद्रगडावर पाचनईहून चढायचे, पाऊस अंगावर घेत, पाठीवर दाबपेटी घेऊन, हे निराळे काम. यादी वाचताना हे ध्यानात ठेवावे लागते. नकाशावर जिथे ठिपके दाट आहेत तिथे रस्ता आहे.

चार लेखकांपैकी साठे आणि पटवर्धन यांच्या वाटा पुढे वेगळ्या झाल्या, आणि डोंगराने दोघांनाही काही दिले. साठे छत्र्यांकडे वळले. छत्री म्हणजे बुरशीचे फक्त फळ. तिचा नमुना घेणे पानापेक्षा कितीतरी अवघड, कारण सुकल्यावर रंग, वास, चीक यांपैकी काहीच उरत नाही. ते सगळे जागच्या जागी लिहून घ्यावे लागते. एक टोपी कापून कागदावर पालथी ठेवायची, वर वाटी झाकायची. रात्रभरात बीजाणू झडून कागदावर चकतीचा ठसा उमटतो. पांढरा, गुलाबी, तपकिरी की काळा, त्यावरून कुळाचा अर्धा निवाडा होतो. साठे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांचे नैर्ऋत्य भारतातल्या छत्र्यांवरचे काम 1980 साली विज्ञानवर्धिनीने ग्रंथरूपाने छापले. त्यात वारुळाजवळची अळंबीही आली. आदिवासी पाड्यांवर आषाढ-श्रावणात ती हौसेने खाल्ली जाते. ही अळंबी वाळवीने आपल्या वारुळात पोसलेली असते. वाळवी बुरशीला पालापाचोळा चावून देते, बुरशी तो पचवून वाळवीला परत देते. रॉजे हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1942 साली तिला ‘टर्मिटोमायसिस’ नाव दिले. अकोल्याच्या ठाकर-महादेव कोळी बायकांना वारूळ आणि अळंबी यांचे नाते त्याआधीपासून ठाऊक आहे, कारण त्या अळंबी शोधताना वारूळच शोधतात.

पटवर्धनांनी दगडफूल धरले. नगरच्या काळ्या मसाल्यात, पुण्याच्या गोड्या मसाल्यात जे राखाडी, कुरकुरीत पापुद्रे पडतात तेच. हिमालयातून आणि दक्षिणेच्या डोंगरांतून ते पोत्यांनी बाजारात येते. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ श्वेंडेनर याने 1860च्या दशकाअखेरीस सांगितले, की हे एक झुडूप नसून बुरशी आणि शेवाळ यांचा संसार आहे, तेव्हा त्याच्यावर तज्ज्ञ तुटून पडले होते. पुढे तोच खरा ठरला. सह्याद्रीच्या कातळांवर, झाडांच्या सालीवर चिकटलेल्या या बुरशींची पद्धतशीर नोंद पटवर्धन आणि त्यांच्या शिष्यांनी पुण्यातून केली. काही जातींचा सालीवरचा मजकूर नुसत्या रेघोट्यांचा असतो, दुरून पाहिले तर कोणी मोडीत काही लिहून गेल्यासारखा. अशा जाती वेगळ्या करायला आयुष्ये खर्ची पडली आहेत.

राहुरीच्या बुलेटिनवर आता अर्धशतक उलटले. दरम्यान नियमही बदलले. 2012 पासून नव्या जातीचे वर्णन लॅटिनमध्ये करण्याची सक्ती गेली. 2013 पासून बुरशीच्या प्रत्येक नव्या नावाला आंतरराष्ट्रीय नोंदणी क्रमांक लागतो. ओळख पटवायला डीएनए लागतो, आणि पुण्यात आघारकर संस्थेतच जिवंत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे. पण डीएनएने जुन्या पाकिटांचे मोल वाढवले आहे. साठ वर्षांच्या वाळक्या पानातून डीएनए नीट निघतोच असे नाही. अशा वेळी त्याच जातीचा ताजा नमुना शोधून मूळ नमुन्याच्या जोडीला ठेवण्याची मुभा नियम देतो, आणि तो शक्यतो त्याच झाडावरचा, त्याच जागेचा असावा अशी रीत आहे. मग संशोधक चिठ्ठी उघडतो, गाव वाचतो आणि तिकडे निघतो. ‘पुणे’ एवढेच लिहिलेल्या जागी आता इमारती आहेत. खंडाळ्याच्या कित्येक टेकड्यांवर बंगले झाले. अकोल्याच्या घाटमाथ्यावर 1986 साली कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य जाहीर झाले, 361 चौरस किलोमीटरचे, आणि तिथली अंजनीची राई आणि हिरड्याची झाडे जागेवर आहेत. तिथे नमुना घ्यायचा तर आधी वनखात्याची लेखी परवानगी काढावी लागते, पाऊस लागायच्या आत.